आधी पत्ता, मग फोटो

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तू पुण्यात फोटोग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. सत्राअखेरच्या प्रकल्पासाठी सदाशिव पेठ, नवी पेठ भागात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या पंचवीस मुलामुलींचे पोर्ट्रेट काढून त्यांची पोस्टकार्डं छापायची, मागच्या बाजूला प्रत्येकाने ‘घरी कधीच न सांगितलेली एक गोष्ट’ लिहायची आणि ती कार्डं प्रदर्शनात लावायची, असं तू ठरवलंस. नऊ कार्डं झालीसुद्धा. ती बघून मार्गदर्शक सर म्हणाले, “फोटो आणि मजकूर यांची एकमेकांशी ओळखच झालेली नाही.” आता हातात चार महिने आहेत. हे पुढे कसं न्यायचं, किती कार्डं करायची, कागद कोणता घ्यायचा आणि कार्डं खरोखर पोस्टात टाकायची की नाही, हे तुला हवं आहे.

सर बरोबर बोलले. मात्र दोष फोटोंत आहे असं मला वाटत नाही. नऊपैकी दोन फोटो तर मी बराच वेळ बघत बसले: अभ्यासिकेच्या जिन्यात डबा उघडून बसलेला मुलगा आणि कॉटच्या कडेला केस पुसत उभी असलेली मुलगी. अडचण उलट बाजूला आहे. नऊही कार्डांवर पत्त्याच्या रेघा कोऱ्या आहेत. मजकूर ‘घरी’ लिहिलेला आहे, आणि घर हा काही पत्ता होत नाही.

भिंतीवरचा फोटो येणारा-जाणारा कुणीही बघतो. पोस्टकार्ड एका माणसाच्या हातात पडायला निघालेलं असतं. त्या माणसाला नाव असतं, मु. पो. असतं, तालुका, जिल्हा आणि सहा आकडी पिन असतो. (हा पिन १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला आणि तो आखला केंद्रीय दळणवळण खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडित मराठी माणसाने. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या भाषांत आणि अर्धेमुर्धे लिहिलेले पत्ते यांतून योग्य टपालघर सापडावं, एवढ्यासाठी. आपल्याकडचे पिन चाराने सुरू होतात. तुझ्या मुलामुलींना आपापल्या गावचा पिन तोंडपाठ आहे का, हे विचारून बघ. मी विचारते तेव्हा वर्गातली बरीच मुलं मोबाइल काढतात.)

घरात आई असते, वडील असतात, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली बहीण असते, आजोबा असतात. एकच मुलगा या चौघांना चार वेगळी पत्रं लिहील. मायनाच बदलतो. वडिलांना ‘तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार’ लिहायला बसलेला हात आणि बहिणीला ‘ताई, ऐक’ लिहिणारा हात यांत अक्षराचं वळणसुद्धा वेगळं पडतं. तुझ्या नऊ कार्डांतल्या सहांवर ‘मी ठीक आहे, काळजी करू नका’ याच अर्थाचं काहीतरी आहे. त्यांनी मनापासून लिहिलं नाही असं नव्हे. समोर कुणीच नव्हतं, म्हणून सगळ्यांना चालेल असं वाक्य निघालं. फोटोतही मुलगा ठीकच दिसतोय. मग कार्ड उलटून वाचणाऱ्याला नवं काय मिळालं?

म्हणून पहिला बदल क्रमाचा कर. आधी पत्ता, मग मजकूर, सगळ्यात शेवटी फोटो. टपालघरातून साधी पोस्टकार्डं आण. वर्षानुवर्षं ती ५० पैशांना मिळत आली आहेत, तीस-चाळीस घेतलीस तरी चहाच्या खर्चात भागतं. नऊ जणांना परत भेट आणि कॅमेरा खोलीवर ठेवून जा. प्रत्येकाला एक कोरं कार्ड दे आणि फक्त पत्ता लिहायला सांग. तो कुणाच्या नावाने लिहायचा, हे त्यांनी ठरवायचं. यालाच वेळ लागतो, लागू दे. पत्ता झाला की निघून ये आणि दोन दिवसांनी मजकूर मागायला जा. मधले दोन दिवस त्यांच्या डोक्यात तो माणूस राहिलेला असतो.

मजकूर हातात आला की मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारायला सांगते: हे कार्ड घेणारा माणूस मजकूर वाचायच्या आधी काय बघेल? फोटो तिथे सापडतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने वसतिगृहातल्या मुलींबरोबर असंच काम केलं होतं. एकीने आजोबांना लिहिलं होतं, ‘आबा, इथे पहाटे कोंबडा आरवत नाही, दूधवाल्याची मोटारसायकल आली की मी उठते.’ फोटो मात्र तिचाच, हसरा, बागेतला. छान होता, पण त्या ओळीशी त्याचा काही संबंध नव्हता. मी म्हटलं, ती उठल्यावर काय बघते? मग दोघी पहाटे पाचला खिडकीशी बसल्या. चौथ्या दिवशी फोटो मिळाला: वरून दिसणारी ओली गल्ली, मोटारसायकलचा लाल दिवा वळणावर नाहीसा होताना, आणि खाली खिडकीची कड. कार्ड गेलं. बारा दिवसांनी आबांचं उत्तर आलं. कोंबड्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, ‘तुझी खिडकी पाहिली. तिला गज नाहीत काय?’

मुलीने जे लिहिलं नव्हतं, तिला जे सुचलंही नव्हतं, ते आबांनी फोटोत वाचलं. फोटो आणि मजकुराची ओळख होणं म्हणजे काय, हे मला त्या कार्डाने शिकवलं. फोटोने मजकुराचं चित्र काढून दाखवायचं नसतं. ‘डबा बरा आहे’ या वाक्यापुढे डब्याचा फोटो लावला की दोन्ही मरतात. दोघांनी एकाच माणसाबद्दल बोलावं, पण दोघांना माहीत असलेल्या गोष्टी वेगळ्या असाव्यात.

आता ‘घरी कधीच न सांगितलेली गोष्ट’ या प्रश्नाकडे येते. इथे मी तुला थांबवणार आहे.

पोस्टकार्ड उघडं असतं. टाकणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत जेवढे हात लागतात, तेवढ्यांना ते वाचता येतं. शहरात कुणाला फुरसत नसते. गावातल्या शाखा डाकघरात डाक सेवक सगळ्यांना नावाने ओळखतो, आणि म्हाताऱ्या माणसांना तो पत्र वाचूनही दाखवतो. माझ्याच देखरेखीखाली झालेल्या एका प्रकल्पात एका मुलाने वडिलांना लिहिलं होतं, ‘पूर्व परीक्षेत नाव नाही, पण पुन्हा बसणार आहे.’ वाक्य सुंदर होतं आणि मी ते जाऊ दिलं. वडिलांना ते कार्ड मिळायच्या आधी त्यातली बातमी चहाच्या टपरीवर चौघांना कळली होती. वडिलांचा मुलाला फोन आला तो नापास झाल्याबद्दल नव्हता. ‘मला आधी का नाही सांगितलंस’ एवढंच ते विचारत राहिले. त्या कार्डाची जबाबदारी माझी होती. तेव्हापासून प्रत्येक कार्ड मी एकदा त्या गावच्या पारावर उभं राहून वाचल्यासारखं वाचते.

तुझा प्रश्न कुठून आला असावा, त्याचाही अंदाज आहे. अमेरिकेत फ्रँक वॉरन याने २००४मध्ये वॉशिंग्टन परिसरात स्वतःचा पत्ता छापलेली तीन हजार कोरी कार्डं अनोळखी लोकांना वाटली आणि कुणालाही न सांगितलेलं गुपित निनावी लिहून पाठवायला सांगितलं. ‘पोस्टसीक्रेट’ म्हणून तो उपक्रम जगभर गेला. तो चालला कारण लिहिणाऱ्याचं नाव नाही, चेहरा नाही आणि वाचणारा अनोळखी. तू त्यातला प्रश्न घेतलास आणि त्याला चेहरा जोडलास. पोस्टात टाकलंस तर नाव-गावही जोडलं जाईल. गुपित, चेहरा आणि पत्ता एकाच कार्डावर आले की लिहिणारा सावध होतो आणि ‘मी ठीक आहे’ लिहितो. एखादा सावध झाला नाही, तर त्याचं नुकसान होऊ शकतं. तुझ्या नऊ जणांनी तुला एका परीने सांगितलंच आहे की हा प्रश्न त्यांना जमत नाही.

प्रश्न लहान कर, हाताने दाखवता येईल असा. ऑन कावारा या जपानी कलावंताने १९६८ ते १९७९ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ, ज्या शहरात असेल तिथली पर्यटकांसाठीची साधी चित्रकार्डं घेऊन रोज दोन ओळखीच्यांना पाठवली. त्यांवर रबरी शिक्क्याने एवढंच उमटवलेलं असे: आज मी इतक्या वाजता उठलो. एक कार्ड बघितलं तर काहीच नाही. शेकडो कार्डं एकत्र बघितली की एक माणूस रोज उठतो आहे, जिवंत आहे, ही गोष्ट अंगावर येते. मन उघडं करायला कुणाला सांगावंच लागलं नाही.

तुझ्या मुलामुलींसाठी माझ्या मनात एक प्रश्न आहे. पटला तर घे: घरच्यांशी फोनवर बोलताना तू कुठे उभा असतोस?

खोलीत तीन-चार कॉट, प्रत्येक कॉटवर कुणीतरी वाचतंय. अभ्यासिकेत बोलायला बंदी. त्यामुळे घरचा फोन सगळे बाहेरच घेतात. मेस झाल्यावर नऊ-साडेनऊला त्या गल्ल्यांतून फिर, तुझ्या लक्षात येईल. कुणी जिन्याच्या वळणावर, कुणी गच्चीत पाण्याच्या टाकीला टेकून, कुणी बंद दुकानाच्या पायरीवर, कुणी दुसऱ्याच्याच लावलेल्या दुचाकीवर बसून. प्रत्येकाची जागा ठरलेली असते. ‘जेवलास का’ हा प्रश्न रोज त्याच जागेवर येतो आणि त्याचं उत्तर रोज तिथूनच जातं. घरच्यांनी वर्षानुवर्षं तिथून येणारा आवाज ऐकलेला असतो, जागा मात्र कधी पाहिलेली नसते. तुझं कार्ड त्यांना ती जागा पाठवेल.

हे मी वर्गात बोलले तेव्हा बीडकडचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, पण आमच्याकडेपण जागा ठरलेली आहे. रेंज फक्त गोठ्यामागच्या दगडावर येते.” उत्तराचं कार्ड तिथून येऊ शकतं. आईने किंवा धाकट्या भावाने त्यांच्या मोबाइलवर त्या दगडाचा फोटो काढावा, तू तो छापावास, आणि दोन कार्डांची जोडी व्हावी. इथली पायरी, तिथला दगड. पूर्वी टपालघरात जोडकार्ड मिळायचं: एक पाठवायचं आणि दुसरं कोरं, उत्तरासाठी, त्यालाच जोडलेलं. त्याची ही आठवण आहे असं म्हण हवं तर. घरच्यांच्या फोटोची चौकट वाकडी असेल, कोपऱ्यात बोट आलं असेल, ते दुरुस्त करू नकोस. फक्त एवढं सांग की फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता पाठवला तर तो आकसून येतो.

फोटो काढताना माझा आग्रह असा: माणूस चौकटीत नको, निदान पहिल्या पाचसहांत नको. कॅमेरा त्याच्या कानाच्या उंचीवर ठेव आणि बोलताना तो जिकडे बघतो तिकडे रोख. त्याच वेळेला, त्याच उजेडात. रात्री साडेनऊचा उजेड म्हणजे रस्त्यावरचा दिवा, कुणाच्या तरी स्वयंपाकघराची खिडकी आणि मेडिकलचा हिरवा बोर्ड. फ्लॅश लावलास तर हे सगळं जाईल. ट्रायपॉड घे, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ८०० ते १६००च्या आत ठेव, शटर संथ झालं तरी हरकत नाही, भिंत कुठे पळत नाही. सगळे फोटो एकाच लेन्सने काढ, एपीएस-सी (फुलफ्रेमपेक्षा लहान) सेन्सर असेल तर २४ मिलिमीटर पुरेल. सगळे आडवे काढ. जागा वेगवेगळ्या आहेत, म्हणून बघणारा एकाच उंचीचा आणि एकाच अंतरावरचा असू दे. तुझ्या पोर्ट्रेटचं काय, हा प्रश्न तुला पडेल. जिन्यात डबा उघडून बसलेला मुलगा मलाही सोडवत नाही. तो ठेव, पण कार्डावर नाही. शेवटी वेगळ्या भिंतीवर, मोठा.

मजकूर पुढे लिहायचा की मागे, हेही तू विचारलं आहेस. त्याला थोडा इतिहास आहे. पहिलं पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत १ ऑक्टोबर १८६९ला निघालं. भारतात १ जुलै १८७९पासून पाव आण्याला मिळू लागलं. पुढे चित्रकार्डं आली तेव्हा एका बाजूला फक्त पत्ता लिहायची सक्ती होती. काय लिहायचं ते चित्राच्याच बाजूला, कडेला, आकाशात, समुद्रावर लिहावं लागे. मागची बाजू दुभागून डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता, ही सोय ब्रिटनने १९०२मध्ये दिली आणि मग बाकीचे देश आले. म्हणून त्या आधीची कार्डं बघितलीस तर चित्र आणि अक्षर एकमेकांत शिरलेलं दिसेल. छपाई करणारेही चित्राभोवती मुद्दाम जागा सोडत.

छायाचित्रकारांनी ही बाजू नंतर आपखुशीने परत घेतली. जिम गोल्डबर्गने १९७७ ते १९८५ या काळात सॅन फ्रान्सिस्कोतल्या श्रीमंत आणि गरीब घरांत फोटो काढले आणि प्रिंटच्या खाली त्या त्या माणसालाच स्वतःबद्दल लिहायला लावलं. जिलियन वेअरिंगने १९९२-९३मध्ये लंडनच्या रस्त्यावर अनोळखी लोकांना कोरा कागद दिला, मनात असेल ते लिहा म्हणाली आणि तो कागद हातात धरलेल्या माणसाचा फोटो काढला. आपल्या जवळचं उदाहरण गौरी गिलचं आहे. २०१३पासून तिने डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश चैत्या वांगड यांच्याबरोबर काम केलं. फोटो तिचा, गाव त्यांचं. तिच्या कृष्णधवल प्रिंटवर त्यांनी आपल्या रेघांनी त्याच जागेच्या कहाण्या काढल्या, फोटोत जे दिसत नाही ते. तिघांच्याही कामात एक गोष्ट सारखी आहे: ज्याची गोष्ट आहे त्याचा हात प्रिंटपर्यंत पोचलेला आहे. कॉम्प्युटरवर सुंदर देवनागरी फाँट निवडून मजकूर टाइप करायचा विचार मनात असेल तर सोडून दे. अक्षर वाईट असेल, शुद्धलेखन चुकलं असेल, खाडाखोड असेल, ते सगळं राहू दे.

तुझ्या प्रकल्पात मात्र मजकूर मागेच असावा असं माझं मत आहे. घरचा माणूस आधी जागा बघेल, ही कुठली म्हणून क्षणभर विचार करेल, मग कार्ड उलटेल. ते उलटणं मला हवं आहे. तरी दोन कार्डं पुढच्या बाजूला लिहून करून बघ. एखादी अंधारी भिंत पांढऱ्या जेल पेनने लिहिलेली ओळ मागत असेल, तर तिला नाही म्हणू नकोस.

आता कागद. इथे माझं एक संपूर्ण सत्र वाया गेलं आहे, म्हणून जरा लांबण लावते. कार्डं देखणी दिसावीत म्हणून आम्ही एकदा चाळीस कार्डं दोन्ही बाजूंनी चकचकीत लॅमिनेशन करून आणली. जुलै महिना होता. मुलांनी जेल पेनने लिहिलं, कार्डं एकावर एक रचून ठेवली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक कार्डाचा मजकूर वरच्या कार्डाच्या फोटोवर उलटा उमटलेला. सगळ्यांना पुन्हा लिहायला बसवलं, पण दुसऱ्यांदा लिहिलेला मजकूर आठवून लिहिलेला असतो. त्यात तो जीव राहत नाही. तेव्हा मागची बाजू अनकोटेड म्हणजे लेप नसलेली हवी, कागद ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) आसपास, आणि पुढे मॅट. फोटो लॅबमधून ४×६ प्रिंट काढून त्याचंच कार्ड करायचा मोह स्वस्ताईमुळे होतो. त्या कागदाची पाठ प्लास्टिकची असते. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढे फोटोवर वळ उठतात, शाई वाळत नाही, तिकिटाचा डिंक धरत नाही आणि टपालाचा शिक्का पुसला जातो. छापायच्या आधी दुकानातून त्या कागदाचा तुकडा माग, ज्या पेनने लिहायचं आहे त्यानेच लिहून दहा मिनिटांनी अंगठा फिरव, मग ओल्या बोटाने फिरव. पाऊस असो नसो, कार्ड कुणाच्या तरी ओल्या हातात जाणारच आहे.

मोजमाप १४×९ सेंटिमीटर धर, सरकारी पोस्टकार्डाचं तेच आहे. तीनशे डीपीआयला (एका इंचात तीनशे ठिपके) साधारण १६५४×१०६३ पिक्सेल लागतात, म्हणजे कुठल्याही मोबाइलच्या मूळ फाइलमधून कार्ड निघतं. गुणोत्तर कॅमेऱ्याच्या ३:२च्या जवळ आहे, थोडंसंच कापलं जाईल. मोबाइलच्या ४:३मधून वरखाली बरंच जातं, तेव्हा घरच्यांचे फोटो कापण्याऐवजी पांढरी कड ठेवून छाप. चारही बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची कड) दिलंस तरी १२×१८ इंची शीटवर अशी नऊ कार्डं बसतात. तेवढंच ब्लीड देऊन ४×६ इंची केलीस तर तेवढ्या शीटवर कमी बसतील आणि खर्च वाढेल.

पोस्टात टाकायची का? टाकायचीच. न टाकलेलं पोस्टकार्ड म्हणजे पोस्टकार्डाच्या आकाराचा फोटो. छापील कार्डाला साध्या कार्डाचा दर चालेलच असं नाही, म्हणून छपाईआधी एक नमुना टपालघराच्या काउंटरवर दाखवून मोजमाप आणि तिकीट दोन्ही विचारून घे. तिकीट कमी पडलं तर कार्ड नॉटपेड होतं आणि पैसे घेणाऱ्याला भरावे लागतात. तुझ्या प्रकल्पासाठी कुणाच्या आजीला पैसे मोजायला लागू नयेत. गठ्ठा पेटीत टाकण्यापेक्षा दुपारी गर्दी ओसरल्यावर काउंटरवर जा, काय करते आहेस ते सांग आणि शिक्का नीट उमटवून द्या म्हणून विनंती कर. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. एकदा तर काउंटरवरच्या बाईंनी प्रत्येक कार्ड वाचून मग शिक्का मारला, आणि आम्ही कुणीच त्यांना अडवलं नाही.

टाकण्याआधी प्रत्येक कार्ड दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयला स्कॅन कर, आणि वहीत टाकल्याची तारीख लिही. साध्या टपालाचा माग काढता येत नाही. काही कार्डं पोचणार नाहीत. एखादं हरवलं तर त्याची दुसरी प्रत पाठवू नकोस. प्रदर्शनात त्या जागी रिकामी चौकट आणि टाकल्याची तारीख लाव.

पोचलेलं कार्ड घेणाऱ्याचं असतं, तुझं नाही, लिहिणाऱ्याचंही नाही. प्रदर्शनासाठी ते परत मागू नये, असं मला वाटतं. कुणी आपणहून दिलं तर गोष्ट वेगळी. तू स्कॅनवरून प्रती काढ. संमती लेखी घे, आणि फोटोसाठी, मजकुरासाठी आणि जाहीर दाखवण्यासाठी अशी वेगवेगळी घे, कारण पुष्कळांना पहिल्या दोन चालतात आणि तिसरी नको असते. ज्याच्या नावाने कार्ड गेलं त्यालाही फोन करून विचार. प्रदर्शनातल्या प्रतींवर गाव आणि तालुका ठेव, बाकीचा पत्ता झाक. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा आहेच. पण कायदा नसता तरी मुलीच्या खोलीबाहेरची रात्रीची जागा आणि तिचं पूर्ण नाव एकत्र लावायचं नाही, हे तुझं तुलाच कळलं असतं. मुलींच्या कार्डांत दुकानाची पाटी, इमारतीचं नाव, गाडीचा नंबर फोटोत येत नाही ना, हे छपाईआधी दोनदा बघ.

पंचवीस जण नकोत. बारा जोड्या खूप झाल्या, आणि त्यांतल्या आठ नीट उतरल्या तरी प्रकल्प उभा राहतो. पहिला महिना पत्ते आणि मजकूर, दुसरा फोटो आणि छपाई, तिसऱ्याच्या सुरुवातीला कार्डं पोस्टात, मग उत्तरांची वाट. वाट बघायचा तो महिना वेळापत्रकात कापू नकोस. त्या दिवसांत जमलं तर एसटीने दोन-तीन गावी जाऊन ये. कार्ड घरात कुठे ठेवलं आहे ते बघ. कुणी देवघरात ठेवतं, कुणी आरशाच्या चौकटीत खोचतं, कुणी वीजबिलांच्या पिशवीत. त्याचा फोटो परवानगीने काढ. कदाचित तुझ्या मालिकेतला सगळ्यात चांगला फोटो तोच असेल.

मांडणीबद्दल आत्ता एवढंच: काचेच्या फ्रेममध्ये घालून भिंतीला लावलंस तर अर्धं कार्ड कायमचं दिसेनासं होतं. वाईला आमच्या जुन्या घरी दारामागे एक तारेचा आकडा होता. आलेलं पत्र वाचून झालं की वडील ते त्यात टोचत, आणि वर्षभराची पत्रं तिथे लोंबत असत. जुनं काही शोधायचं तर सगळा गठ्ठा हातात घ्यावा लागे. तसे बारा आकडे छताच्या पट्टीपासून खाली सोड, प्रत्येकात एका जोडीच्या प्रती. लोकांना हातात घेऊन उलटू दे. प्रती मळतील, फाटतील, म्हणून प्रत्येकीचे पाच-सहा संच जास्तीचे छापून ठेव.

तू स्वतः लातूरहून आली आहेस असं प्रश्नात ओझरतं लिहिलं आहेस. मग पहिलं कार्ड तुझं. कुणाच्या नावाने पाठवणार आहेस ते ठरवून आधी पत्ता लिही, मग मजकूर. मग रात्री घरी फोन करशील तेव्हा बोलून झाल्यावर तिथेच थांब, कानाच्या उंचीवर कॅमेरा धर आणि समोर जे आहे ते टिप. कार्ड तयार झालं की तिकीट लाव. ते कार्ड पेटीत सोडताना हात किती वेळ थांबतो ते बघ, आणि त्याचं उत्तर आलं की नऊ जणांकडे कोरी कार्डं घेऊन जा.